मागचा आवाज काढून हवा

पडद्यांचं गाठोडं काखोटीला मारून ती ग्रंथालयाचा जिना चढून वर आली, तेव्हा तिच्या मनात प्रेमबिम काही नव्हतं. चौदा पडदे मोजून द्यायचे, पावतीवर सही घ्यायची आणि लाँड्रीत परतायचं, एवढंच. पण वाचनकक्षाच्या कोपऱ्यात एक माणूस टेबलाला चक्क कान लावून बसला होता. तिची चाहूल लागताच त्याने मान न उचलता फक्त बोट वर केलं.

"श्श... एक मिनिट."

ती थांबली. गाठोडं जड होतं, तरी थांबली. टेबलावर एक जुना कॉम्प्युटर होता आणि त्याच्या पोटात काहीतरी घरघर करत फिरत होतं.

"नाडी लागत नाहीये का?" शेवटी तिने विचारलं.

"लागतेय. पण पेशंट म्हातारा आहे. वीस वर्षांपूर्वीची डीव्हीडी, मधेच अडखळते." मग त्याने मान वर केली, तिच्याकडे पाहिलं, गाठोड्याकडे पाहिलं आणि धडपडत उठला. "अरेच्चा, सॉरी हं... द्या ते इकडे."

चौदा पडद्यांचं वजन किती असतं याची त्याला कल्पना नव्हती. गाठोडं हातात येताच तो खुर्चीसकट मागे गेला.

"चौदा आहेत," ती हसू दाबत म्हणाली.

"मला वाटलं, आत माणूस आहे."

तो पडदे मोजायला लागला आणि तिची नजर भिंतीवर गेली. तिथे हाताने लिहिलेला एक कागद चिकटवला होता. 'घरच्या जुन्या डीव्हीडी आणा, व्हिडिओ फाइल करून न्या. मोफत. बाजारातल्या सिनेमांच्या डिस्क आणू नयेत, भांडण होईल.'

"मोफत म्हणजे... खरंच मोफत?"

"खरंच. कॉम्प्युटर ग्रंथालयाचा, प्रोग्राम इंटरनेटवरचे फुकटातले आणि मी —"

"आणि तुम्हीही फुकटातलेच!" पलीकडच्या टेबलावरून ग्रंथपालबाई म्हणाल्या. "आमचे फुकटराव आहेत हे. नेमणूक पुस्तकं बांधायची, आणि बांधिलकी ही."

फुकटरावांचे कान लाल झाले. तेव्हा तिला ते गमतीदार वाटले. कान, म्हणजे.

तिच्या घरी अशा सात डिस्क होत्या. तिचे बाबा नळदुरुस्ती करायचे. ती सहा-सात वर्षांची असताना त्यांनी एका गिऱ्हाइकाकडून जुना कॅमेरा घेतला आणि पुढची दोन वर्षं समोर दिसेल त्याचं शूटिंग केलं. या सात डिस्कमध्ये बाबा एकदाही दिसत नाहीत. दिसणार कसे, कॅमेरा त्यांच्याच हातात! पण ऐकू मात्र सतत येतात. "ही बघा आमची भिंगरी... भिंगरी, इकडे बघ... अगं पडशील, पडशील — पडली!" असं त्यांचं अखंड चालू. भिंगरी म्हणजे ती. एका जागी ठरायची नाही म्हणून बाबांनी ठेवलेलं नाव, आणि ते फक्त त्यांनीच वापरायचं.

मागच्या वर्षी बाबांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. ज्या माणसाने जन्मभर नळाशीसुद्धा गप्पा मारल्या, त्याला आता मीठ हवं असलं तरी पांढऱ्या पाटीवर मार्करने लिहावं लागत होतं. ते कुरकुर करत नव्हते. लिहीत होते, पुसत होते. घरातल्या डीव्हीडी प्लेअरने त्याआधीच मान टाकली होती. म्हणजे भिंगरी अशी हाक कानावर पडून तिला वर्ष होत आलं होतं. आई नावाने हाक मारायची, लाँड्री जिची होती ती मावशी 'बाई गं' म्हणायची. तिला ती एक हाक परत ऐकायची होती. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती सात डिस्क घेऊन हजर झाली. त्याने एक छापील चिठ्ठी पुढे केली. नाव, फोन, डिस्क किती, आणि खाली 'विशेष सूचना'. तिथे ती थबकली. बाबांचं बोलणं वेगळं काढून मिळालं असतं तर फोनमध्ये ठेवता आलं असतं, पाहिजे तेव्हा ऐकता आलं असतं. पण हे सगळं समजावून सांगायचं म्हणजे परक्या माणसासमोर रडणं आलं. सहा वर्षं लाँड्रीच्या पावत्या लिहून हात थोडक्यात लिहायला सरावलेला होताच. तिने लिहिलं, 'मागचा आवाज काढून हवा.'

त्याने वाचलं. "मागचा... म्हणजे कॅमेऱ्यामागचा ना?"

"हो."

"होईल. जरा किचकट आहे, पण होईल."

"किती दिवस लागतील?"

"एक डिस्क कॉपी व्हायला अर्धा तास. मग दुसऱ्या प्रोग्राममध्ये ती उघडायची, कुठला भाग हवा तो निवडायचा, चित्रातल्या आडव्या रेघा घालवायच्या खुणेवर टिक करायची, फाइलचा प्रकार ठरवायचा आणि बटण दाबून वाट बघत बसायचं. माझं मुख्य काम वाट बघण्याचं."

"आणि वाट बघून काही मिळतं?"

"आजवर नाही," तो म्हणाला. "पण बघायची सवय चांगली लागलीय."

त्या आठवड्यात ती दोनदा ग्रंथालयात गेली. एकदा पडद्याच्या चार कड्या दुकानात राहिल्या होत्या म्हणून, आणि दुसऱ्यांदा काहीही राहिलं नव्हतं तरी. दुसऱ्या खेपेला ग्रंथपालबाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि काही न बोलता आतून एक जादा स्टूल आणून ठेवलं.

आठव्या दिवशी तो स्वतःच लाँड्रीत आला. हातात सात डिस्क आणि एक पेन ड्राइव्ह. दुकानात तिन्ही मशीन एकदम धडधडत होती, इस्त्रीच्या वाफेने आरसा धुरकटला होता. तिने पेन ड्राइव्ह बिलांच्या कॉम्प्युटरला लावला. त्याला स्पीकर नव्हता. पण चित्र लागलं आणि ती स्वतःला बघून उभ्या जागी खुळावली. पुढचे दोन दात नाहीत, चप्पल उलटी, गुडघ्याला पट्टी, आणि कॅमेऱ्याकडे बघून नुसतं खिदळणं.

"काय मस्त झालंय हो!"

"आवाज ठीक आहे ना?" त्याने विचारलं.

"काय?"

"आवाज! आवाज!"

"हां... मशीनचा आहे तो! सवय होते!" ती ओरडून म्हणाली. त्याला वाटलं, आवाज पसंत आहे. तो खुशीत ग्रंथालयात परतला आणि जागा मोकळी करायची म्हणून डिस्कच्या मूळ कॉप्या कॉम्प्युटरवरून पुसून टाकल्या. काम पूर्ण झालं की पुसायचं, हा त्याचा नियम होता.

फाइली मिळाल्यावर डिस्कचं काय करायचं, हे आईने ठरवलं. बाल्कनीत कबुतरांनी उच्छाद मांडला होता. आईने सातही डिस्कना दोरे ओवले आणि कुंड्यांच्या वर, गजांना टांगून दिल्या.

रविवारी ऑपरेशनला वर्ष पूर्ण होत होतं. बाबांना काही सांगायचं नाही, थेट दाखवायचं, असं तिने ठरवलं होतं. ऐकायचं तेही सगळ्यांबरोबरच, म्हणून तिने तोवर फाइली पुन्हा उघडल्या नव्हत्या. जेवणं झाली, बाबा त्यांच्या खुर्चीत बसले, आई आणि मावशी पलंगावर. तिने पेन ड्राइव्ह टीव्हीला लावला आणि आवाज मुद्दाम चढवला.

चित्र स्वच्छ होतं. रस्त्यावरून सायकलची घंटी ऐकू आली, कुठेतरी कुत्रं भुंकलं. छोटी मुलगी धावत आली, कॅमेऱ्याकडे बघून थांबली, कान देऊन काहीतरी ऐकलं आणि खो खो हसली. पण कशाला हसली? कुणी काही बोललंच नव्हतं.

तिला वाटलं, इथे बाबा गप्प असतील. तिने पुढचा व्हिडिओ लावला. पुन्हा तेच. मुलगी मान वळवते, उत्तर देते, "नाही, मी नाही पडणार!" असं ओरडते, आणि समोर कुणीच नाही. तिसरा, चौथा... प्रत्येक ठिकाणी जिथे बाबा असायला हवे होते तिथे नीट, स्वच्छ शांतता होती.

बाबा वाकून बघत होते. मग त्यांनी पाटी उचलली आणि लिहिलं, 'मी कुठाय?'

तिने टीव्ही बंद केला. ऑपरेशन झालं तेव्हासुद्धा ती इतकी रडली नव्हती.

सोमवारी ग्रंथालयाचं दार उघडायला आणि ती आत शिरायला एकच गाठ पडली. तो एका पुस्तकाच्या पाठीला खळ लावत होता.

"कुठाय आवाज?"

"कुठला?"

"माझ्या बाबांचा!"

तो गोंधळला. ब्रश तसाच हातात धरून त्याने खणातून तिची चिठ्ठी शोधली. "तुम्हीच तर लिहिलंय... 'मागचा आवाज काढून हवा.' म्हणून काढला."

"काढला म्हणजे?"

"म्हणजे काढला! ते काका जिथे जिथे बोलतात तेवढा तुकडा गप्प केला आणि शेजारची शांतता ओढून त्यावर बसवली. रफू करतात ना, तसं. चार संध्याकाळ लागल्या मला."

"अहो, काढून हवा म्हटलं होतं मी! काढून टाका नव्हतं म्हटलं!"

"तुमच्या दुकानाच्या बोर्डावर काय लिहिलंय?" त्यालाही आता राग आला होता. "'सर्व प्रकारचे डाग काढून मिळतील.' मग ते डाग तुम्ही पुडीत बांधून देता का गिऱ्हाइकाला?"

ग्रंथपालबाईंनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. ते थरथरत होतं. एरवी तीही हसली असती. पण ती जादा स्टुलावर बसली आणि तिने जे पहिल्या दिवशी सांगायचं टाळलं होतं, ते सगळं सांगून टाकलं. बाबा, ऑपरेशन, पाटी. 'मी कुठाय?' सुद्धा सांगितलं.

त्याचा चेहरा उतरला. त्याने चिठ्ठी पुन्हा वाचली.

"मी त्यांना डाग समजलो," तो म्हणाला. "आणि इतका मन लावून काढला..." मग एकदम, "डिस्क! मूळ डिस्क आहेत ना तुमच्याकडे?"

"आहेत. बाल्कनीत."

"बाल्कनीत म्हणजे?"

"कबुतरं येतात हो..." तिचा आवाज खाली गेला.

तिला पुढे घालून तो धावत सुटला तेव्हा खळीचा ब्रश त्याच्या हातातच होता.

बाल्कनीत सात डिस्क गजांवर आपटत, लखलख करत मजेत फिरत होत्या. "काय गुणाच्या आहेत हो!" आई कौतुकाने म्हणाली. "टांगल्यापासून एक कबूतर फिरकलं नाही." त्याने स्टूल ओढलं. स्टुलावर चढून एकेक गाठ सोडवायला लागला आणि ती खालून एकेक डिस्क कडेने धरून घ्यायला लागली. आत स्वयंपाकघरात नळ टिप... टिप... गळत होता.

"नळवाल्याच्या घरचा नळ," आईने लगेच गाऱ्हाणं मांडलं. "चार वर्षं झाली गळतोय. विचारा त्यांना, का नाही दुरुस्त करत."

बाबांचे कान शाबूत होते, तरी त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं.

सगळ्या डिस्क उतरल्यावर तो बाबांसमोर जाऊन उभा राहिला. "काका, मी तुमचा आवाज काढला. चुकून. आता परत काढायला आलोय."

बाबांनी त्याला नखशिखांत पाहिलं. ब्रश, खळीचे हात, लाल कान. मग लिहिलं, 'बघ जमतंय का.'

डिस्क धुवायच्या कशा हे त्याला माहीत होतं, पण धुतल्या तिने. हे तिचं क्षेत्र होतं. दुकान बंद करून दोघं मोरीपाशी उभे राहिले. कोमट पाणी, साबणाचा एक थेंब, मऊ सुती फडकं.

"गोल नाही पुसायचं," तो म्हणाला. "मधल्या भोकापासून सरळ बाहेर. चरे पडले असतील तर गोल पुसल्याने वाढतात."

"लाँड्रीवालीला धुणं शिकवू नका," ती म्हणाली, पण पुसलं त्याने सांगितलं तसंच. तो एकेक डिस्क दिव्यासमोर धरून बघत होता आणि ती डिस्कमधून पलीकडे त्याच्याकडे बघत होती. बोटांना चिकटलेली खळ अजून निघाली नव्हती. "द्या ते हात," ती म्हणाली, आणि त्याच फडक्याने तिने ती काढली.

सहा डिस्क बुधवारपर्यंत निर्विघ्न उतरल्या. या वेळी मूळ कॉपी पुसायची नाही, असा कागद त्याने कॉम्प्युटरवर चिकटवून ठेवला होता. सातवी अडली. गजावर आपटून तिच्यावर चऱ्यांचं जाळं झालं होतं. त्यासाठी त्याने आणखी एक फुकटातला प्रोग्राम लावला. हा प्रोग्राम न कंटाळता खराब जागेवर पुन्हा पुन्हा जायचा, थोडं मिळालं की तेवढं जपून ठेवायचा. स्क्रीनवर बारीक चौकोन दिसायचे, वाचून झालेले हिरवे, राहिलेले लाल. ती दुकान बंद करून रोज संध्याकाळी यायची आणि दोघं चौकोन बघत बसायचे.

"किती उरलेत?"

"हजार-बाराशे."

"काल किती होते?"

"काल तुम्ही पाच मिनिटं लवकर आला होतात. तेव्हा चौदाशे."

"मी कधी येते त्याचाही हिशेब ठेवता वाटतं?"

"वाट बघण्याचंच तर काम आहे माझं... सांगितलं नव्हतं का?"

ती खाली बघून हसली. मग म्हणाली, "एक विचारू? त्या दिवशी मी इतकी भांडले, रडले, तुमचा आठवडा घालवला. तुम्हाला राग नाही आला?"

"भिंगरीवर कोण रागावेल —" आणि तो गपकन थांबला.

तिने वळून पाहिलं. "काय म्हणालात?"

"सॉरी... तोंडातून निसटलं. चार संध्याकाळ तेच ऐकत होतो ना. आवाज काढायचा तर आधी ऐकावा लागतो. कुठे सुरू होतो, कुठे संपतो. एकेक वाक्य वीस-वीस वेळा. तुमच्या बाबांचं सगळं बोलणं मला पाठ झालंय."

"सगळं?"

त्याने डोळे मिटले. "'भिंगरी, चप्पल उलटी घातलीस बघ... राहू दे, राहू दे, उलटीच छान दिसते.' मग ते हसतात. हसताना जरा खोकतात. मग कुणीतरी चहाला बोलावतं, तर म्हणतात, 'येतो गं, शूटिंग चालू आहे, मोठं काम आहे.'"

तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्याच वेळी हसूही आलं. तिने दोन्ही येऊ दिलं.

"परत म्हणा ना."

"काय? मोठं काम आहे?"

"नाही... त्याच्या आधीचं."

"उलटीच छान दिसते?"

"अहो, त्याच्याही आधीचं."

त्याने तिच्याकडे नाही, स्क्रीनकडे पाहिलं. कान लाल होत होत पार जांभळे झाले.

"भिंगरी," तो म्हणाला.

स्क्रीनवर दोन लाल चौकोन हिरवे झाले. ते कुणीच बघितलं नाही.

तिने मात्र आपल्याला काय झालंय ते तिथल्या तिथे ओळखलं. कुठला डाग निघेल आणि कुठला निघणार नाही, हे तिला एका नजरेत कळायचं. हा निघणार नव्हता. घरी जाताना तिने रस्ताभर स्वतःची समजूत काढून पाहिली, पण ती काही निघाली नाही.

शनिवारी त्याने हात टेकले. सातव्या डिस्कमधले अडतीस सेकंद सोडून बाकी सगळं मिळालं होतं. सायकल शिकतानाचा तुकडा. चित्र त्याच्या पहिल्या फाइलीतून घेता येत होतं, पण आवाज कायमचा गेला होता.

"काय होतं त्यात?" तिने विचारलं.

"आठवत नाही."

"सगळं पाठ आहे म्हणालात ना?"

"ते सोडून," तो म्हणाला, आणि उगाचच एक पुस्तक उघडून त्याची शिवण तपासायला लागला.

रविवारी त्याला घरी यायला लावलं ते आईने. "ज्याने घालवला त्यानेच आणून द्यायचा," ती म्हणाली. तो दाराशी इस्त्रीच्या कडक शर्टात उभा राहिला. शर्ट तिच्या लाँड्रीतला होता, आणि इस्त्री तिनेच केली होती, दोनदा.

टीव्ही लागला. सायकलची घंटी वाजली, कुत्रं भुंकलं. आणि मग खोलीभर बाबांचा आवाज घुमला, जाडाभरडा, अर्धा हसणारा. "ही बघा आमची भिंगरी! भिंगरी, इकडे बघ!"

तिने इकडे बघितलं. टीव्हीकडे नाही, बाबांकडे. बाबांनी हात लांब करून तिच्या डोक्यावर टेकवला आणि तसाच ठेवला. आईने टीव्हीकडे पाठ करून खिडकी पुसायला घेतली, जी सकाळीच पुसून झाली होती. एकामागोमाग एक फाइली चालल्या. बाबा आपलंच बोलणं ऐकून हसत होते, मान डोलवत होते, एका ठिकाणी त्यांनी स्वतःलाच हाताने 'पुरे' अशी खूण केली. दरम्यान त्याने हळूच तिच्या हातात आणखी एक पेन ड्राइव्ह दिला.

"ही वेगळी फाइल आहे. मागचा आवाज... काढून."

तिला त्या क्षणी त्याचा हात सोडवेना. तिने तो सोडला, कारण मावशी बघत होती.

मग सातवी लागली. छोटी मुलगी सायकलवर डुगडुगत आली आणि खोली एकदम गप्प झाली. अडतीस सेकंद. मुलगी पेडल मारतेय, कॅमेऱ्याकडे बघून तोंड वेंगाडतेय. बाबांनी हात वर करून थांबवायला सांगितलं आणि लिहिलं, 'इथे काय बोललो होतो मी?' पाटी त्याच्यासमोर धरली.

"काका... आठवत नाही हो."

बाबांनी पुसलं, लिहिलं, 'खोटं.'

"बोला ना," ती म्हणाली. "वेळ काढू नका."

सुटका नव्हती. तिने तुकडा मागे नेऊन पुन्हा लावला. तो टीव्हीकडे तोंड करून उभा राहिला. शाळेत कविता म्हणायला उभं केल्यासारखे त्याचे हात मागे गेले, आणि चित्राच्या चालीने तो बोलायला लागला.

"'शाबास, भिंगरी! हँडल सरळ... हां. काय म्हणता शेजारीणबाई? लग्नाला आली पोरगी? अहो, सात वर्षांची आहे ती! काही काय...'" इथे त्याने दाराकडे एकदा पाहून घेतलं. "'बरं, ऐका मग. उद्या जो कुणी तिला मागायला येईल ना, त्याला मी काही विचारणार नाही. शिक्षण नाही, घर नाही, काही नाही. आमच्या घरातला नळ दुरुस्त करून दाखव म्हणणार. नळ गळायचा थांबला, तरच... तरच पोरगी.'"

चित्र संपलं. स्वयंपाकघरातून आवाज येत होता, टिप... टिप... टिप.

"म्हणून!" आई खिडकी सोडून वळली. "म्हणून चार वर्षं तो नळ तसाच ठेवलात होय!"

बाबांनी छताकडे पाहिलं.

"खरंच असं म्हणाले होते बाबा?" तिने त्याला विचारलं. "का तुम्ही आपलं... मनाचं..."

"शपथ. एक अक्षर माझं नाही." मग तो तिच्याकडे वळला. "पण मागायचं... ते माझं आहे. म्हणजे, तुम्हाला चालत असेल तर. मला नळातलं काही कळत नाही. मी पुस्तकं बांधतो."

सगळे बाबांकडे वळले. बाबांनी सावकाश पाटी पुसली. टोपण काढलं, लिहिलं, 'शब्दन् शब्द माझा.' पुन्हा पुसली, पुन्हा लिहिलं, आणि पाटी मुलीकडे फिरवली. 'तुला विचारतोय तो.'

ती उठली. पलंगाखालून बाबांची हत्यारांची पिशवी ओढली, त्यातला पाना घेतला आणि त्याच्या हातात ठेवला.

"चल. मी दाखवते."

त्या एकेरी 'चल'वर मावशीने आईकडे पाहिलं आणि आईने मावशीकडे.

स्वयंपाकघरात ओट्यापाशी दोघांना जेमतेम जागा होती. तिने खालचा कॉक फिरवून पाणी बंद केलं. टिपटिप थांबली, पण ती काही दुरुस्ती नव्हे, हे नळवाल्याच्या मुलीला माहीत होतं. तिने त्याचा हात धरून पाना नळावर नीट बसवला. "फिरव. जोरात नको. हां... आता आत बघ, तो काळा वायसर. झिजलाय. तो काढायचा."

तो थांबला. पाना हातात, कान लाल, आणि चेहरा अगदी गंभीर.

"काढायचा म्हणजे... काढून टाकायचा, की काढून ठेवायचा? आधीच विचारलेलं बरं."

"तो टाकायचा," ती म्हणाली. "तू राहायचं."

त्याने पाना ओट्यावर ठेवला. दोघांच्या मध्ये जागा आधीच फार नव्हती, तीही उरली नाही. बाहेरच्या खोलीत बाबांनी पहिली फाइल पुन्हा लावली होती, आवाज पूर्ण चढवून, आणि ते आनंदाने ओरडत होते, "भिंगरी... अगं पडशील, पडशील — पडली!"